चंद्राने की तारखेने

वसंतातल्या नवरूजच्या सणाला तीन आठवडे होते, तेव्हा टीव्ही टॉवरवरचे मुकादम कामिल अका यांनी लिफ्ट चालवणाऱ्या चारही बायकांना तळघरातल्या सामानघरापाशी बोलावलं आणि सांगितलं, की सणापासून राखाडी कोट बंद. सगळ्यांनी अतलसचा रंगीत रेशमी झगा घालायचा.

"बरं झालं," रीता त्सोय म्हणाली. "आता आम्हाला पडद्यासारखं खिडकीला टांगायचं तेवढं राहिलं."

"रीता, व्हिसा सोपा झाल्यापासून किती पाहुणे येतात बघतेस ना? लिफ्टमध्ये शिरले की पहिला फोटो तुमचाच काढतात. त्यांना रंग हवा असतो."

"माझ्या तोंडाला अतलस? लोक विचारतील, ही कोरियाची की इथली?"

"इथलीच म्हणून सांग. तुझी आजी इथेच पुरली आहे." कामिल अका हसले आणि मग इनोबतकडे वळून आवाज खाली आणला. "इनोबत, तुमचं वर्ष कधी भरतं?"

इनोबतच्या राखाडी कोटाच्या आत निळा झगा होता, डोक्याला पांढरा रुमाल. नवरा गेल्यापासून हेच. असे दोन झगे तिने शिवून घेतले होते, एक अंगावर, एक दोरीवर. "वीस मार्चला," ती म्हणाली.

"म्हणजे नवरूजच्या आदल्या दिवशी. वा, मग प्रश्नच मिटला."

तिलाही तसंच वाटलं. एरगश गेला एकतीस मार्चला. पण त्यांच्या घरात वर्ष चंद्राने मोजत, आणि चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी लहान. सासऱ्यांचं वर्ष तसंच केलं, सासूच्या बहिणीचं तसंच केलं, एवढंच काय, इनोबतच्या मुलीचा पहिला वाढदिवससुद्धा सासूबाईंनी अकरा दिवस आधीच उरकला होता. त्यामुळे तारीख विचारल्याबरोबर तिने न मोजता सांगून टाकलं. विचार करायचं तिने वर्षभर जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

इनोबत बावन्न वर्षांची होती आणि एकोणीस वर्षं लिफ्टमध्ये होती. पाहुण्यांना आत घ्यायचं, दार लावायचं, बटण दाबायचं आणि अर्ध्या मिनिटात तीन भाषांमधून तीच वाक्यं म्हणायची. आपण शंभर मीटर वर चाललो आहोत. कानाला दडा बसला तर आवंढा गिळा. वर गेल्यावर उजव्या हाताला डोंगर, हवा स्वच्छ असेल तर बर्फ दिसेल. डाव्या हाताला जुनं शहर आणि बाजाराचा मोठा घुमट. सज्ज्याच्या काचेला टेकू नका. मग दार उघडायचं, माणसं रिकामी करायची, आणि खाली जाणारी घ्यायची.

खाली जाणाऱ्यांना ऐकवायची वाक्यं नव्हती, म्हणून ते तिला प्रश्न विचारत. आमच्याकडे एकच दिवस आहे, काय बघावं? इनोबत सांगे, सकाळी लवकर चोरसू बाजारात जा, नान गरम असतो तेव्हा. तिथून मेट्रोने फिरा, एकेका स्टेशनावर उतरा, आता फोटो काढू देतात. दुपारी या टॉवरच्याच शेजारी मोठमोठ्या कढयांमध्ये पुलाव शिजतो, दोनच्या आत गाठा, नंतर तळाची खरवड उरते. संध्याकाळी कारंज्यांपाशी बसा. ही यादी तिने स्वतः फिरून केलेली नव्हती. खाली येणारे लोक आपसात काय बोलतात, कशावर खूश होतात, कशावर नाकं मुरडतात, त्यातून ती आपोआप गोळा झाली होती. ती स्वतः चोरसूच्या मागच्याच गल्लीत राहायची आणि बाजारात कांदे आणायला जायची. त्या घुमटाखाली मान वर करून तिने शेवटचं कधी पाहिलं होतं, तिला सांगता आलं नसतं.

एरगश फ्रीज आणि धुलाई यंत्रं दुरुस्त करायचा. तीस वर्षांचा संसार. तो वाईट नव्हता. चांगला होता असंही ती कधी कुणाला म्हणाली नव्हती. कमी बोलायचा. जेवताना ताटातला मांसाचा तुकडा बोटाने तिच्या बाजूला सरकवायचा, आणि तिचं लक्ष नसलं तर पुन्हा आपल्या बाजूला ओढून खाऊन टाकायचा. मुलगा कोरियात कारखान्यात होता, मुलगी कार्शीला सासरी. घरात हे दोघं आणि सासू, मस्तूरा ओयी.

तो गेला तेव्हा शेजारच्या घरी धुलाई यंत्राखाली आडवा होऊन काहीतरी बघत होता. शेजारीण हातात पाना घेऊन दहा मिनिटं उभी राहिली, तो मागेल म्हणून. मग तिने हाक मारली.

लिफ्टमध्ये फोन लागत नसे. इनोबत खाली आली, दार उघडलं आणि खिशातला फोन एकदम थरथरायला लागला. नणंदेचे सोळा फोन येऊन गेले होते. सोळा फोन म्हणजे काय, ते तिला कळलं. पण तोवर कझाकस्तानची बारा माणसं आत शिरलेली होती, एकाने मुलाला खांद्यावर घेतलं होतं. तिने दार लावलं, त्यांना वर नेलं, डोंगर उजव्या हाताला सांगितले, आवंढा गिळायला सांगितला, खाली आली आणि मग फोन केला. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा अंगणात बायका कमरेला फडकी बांधून उभ्या होत्या. दारातून नवी बाई आली की तिच्या गळ्यात पडायचं आणि मोठ्याने रडायचं, अशी तिथली रीत. ज्या बाईला एरगशने एकदा लोखंडी इस्त्री दुरुस्त करून दिली होती, तीसुद्धा हंबरडा फोडत होती. इनोबत एकेकीच्या गळ्यात पडत गेली, पाठ थोपटत गेली, आणि तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. एका म्हातारीने तिला दंडाला जोरात चिमटा काढला. "रड गं, पोरी. छातीत राहिलं तर दगड होतो." दंड काळानिळा झाला, पण पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, विसाव्या दिवशीही नाही, चाळिसाव्या दिवशीही नाही. चाळीस झाल्यावर ती कामावर परतली. लिफ्टचं दार लावलं आणि वाक्यं तोंडातून आपोआप बाहेर पडली, तिची त्यांना गरजच नव्हती. तेव्हापासून दिवसातले आठ तास तिला कुठेही असावं लागत नसे. तिथे तिला कुणी कशी आहेस म्हणून विचारत नव्हतं. डोंगर दिसतील का, एवढंच विचारायचे.

मार्चच्या दहा तारखेला नणंद झुमराद घरी आली. हिच्या हाताला काम असल्याशिवाय तोंड चालत नसे, त्यामुळे येताना तिने पालेभाजीची जुडी आणली होती. तिघी अंगणात चटईवर भाजी निवडत बसल्या.

"ओयी," झुमराद म्हणाली, "विसाला पांढरं घालायचं ना? मग ओतिन-ओयीला आत्ताच सांगायला हवं. सणाच्या आठवड्यात दुआ वाचायला तिला दहा घरं असतात."

त्यांच्यात निळं स्वतःच्या हाताने उतरवायचं नसतं. वर्ष भरलं की बायका जमतात, दुआ वाचली जाते, आणि घरातली थोरली बाई दुखवट्याचा झगा काढून अंगात पांढरा घालते. त्या दिवशी दुखवटा सुटला. त्याच्या आधी कुणी निळं काढलं तर काही कायदा मोडत नाही, पण गल्ली विसरत नाही.

मस्तूरा ओयी देठ मोडत म्हणाल्या, "वीस कशाला? एकतीसला."

झुमरादचा हात थांबला. "चंद्राने वीसला येतं."

"तारखेने करायचं."

"तू कधीपासून तारखेने मोजायला लागलीस? सरकारी पगाराचा दिवससुद्धा तू चंद्रावर बघायचीस."

"एरगशचं तारखेने करायचं," म्हातारी म्हणाली. जुडी संपली नव्हती, तरी तिने दोरा बांधायला घेतला.

"अब्बांचं तर तू चंद्राने केलंस. आम्ही म्हणत होतो तारखेपर्यंत थांब. तू ऐकलं नाहीस."

"तुझ्या अब्बांचं मला उरकायचं होतं." मस्तूरा ओयींनी मान वर केली नाही. "सदतीस वर्षं मी त्या माणसाच्या पुढ्यात चहा ठेवला. अकरा दिवस आधी सुटले तर अल्लाने तेवढं समजून घेतलं असेल. पोराचं मला उरकायचं नाही."

झुमरादने भावजयीकडे पाहिलं. इनोबत भाजी निवडत होती. तिला वाटलं, आता आपण बोलायला पाहिजे. बोलायचं म्हणजे तोंड उघडायचं, एवढं आठवेपर्यंत थोडा वेळ गेला.

"ओयी, एकविसापासून कामावर अतलस घालायचा हुकूम आहे. निळ्यात मला लिफ्टवर ठेवणार नाहीत. लिफ्ट जाईल."

"लिफ्ट वर जाते, खाली येते. आणखी कुठे जाणार आहे?"

झुमरादला हसू फुटलं, तिने ते ओठ चावून आवरलं. इनोबतलाही एरवी हसू आलं असतं.

"अकरा दिवस आहेत, ओयी," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी. अकराच दिवस आहेत." म्हातारीने आता तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे आणि लाल होते, तिचे वर्षभर तसेच होते. "माझ्या पोरासाठी तुझ्या डोळ्यांतून थेंब निघाला नाही. मी तुला कधी एका शब्दाने बोलले? दारात आलेल्या बायांनी मला विचारलं, सुनेला काय झालं, बधिर झाली का? मी म्हटलं, धक्का बसलाय. डोळ्यांतून नाही काढलंस, अंगावर तरी पुरतं ठेव. एक वर्ष म्हणजे एक वर्ष."

"बरं," इनोबत म्हणाली. आणि भाजी धुवायला नळाकडे गेली.

झुमराद तिच्या मागे आली. "तू भांडत का नाहीस गं? भांडलीस तर ती ऐकेल. न भांडणाऱ्या माणसावर तिला दया येत नाही, तिचा स्वभाव माहीत आहे ना तुला?"

"मला भांडता येत नाही सध्या."

"सध्या म्हणे. तीस वर्षं झाली या घरात."

कामिल अका माणूस मऊ होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी मागे सारली, पुढे ओढली. "हे बघा, मी काही तुमच्या दुखवट्याच्या आड येत नाही. इथे येऊन बदला. सामानघराशेजारी खोली आहे. सकाळी अतलस, संध्याकाळी निळं. तुमच्या सासूबाई काय इथे येणार आहेत? तुमचंच म्हणणं, त्या टॉवरवर कधी चढल्या नाहीत."

"नाही चढल्या. त्या म्हणतात, माणसाने आपल्या गावाच्या डोक्यावर उभं राहू नये."

"मग झालं तर."

नवरूजच्या आदल्या दिवशी रीताने इनोबतचा अतलस तिच्यासमोर धरला. तो शिवून आला होता, मापाचा होता, पिवळ्या-जांभळ्या-हिरव्या लाटा एकमेकींत शिरलेल्या. सामानघराशेजारच्या खोलीत दोघीच होत्या. इनोबतने कोट काढला. निळ्या झग्याची मानेवरची गुंडी सोडायला हात वर नेला आणि तो तिथेच राहिला.

"काढ," रीता म्हणाली. "मी दाराला पाठ लावून उभी आहे."

हात गुंडीवर होता. गुंडी साधी होती, काळ्या दोऱ्याने टाचलेली.

"इनोबत, कोणी बघत नाही."

"मी कुठे म्हणते कोणी बघतंय?"

"मग?"

धर्म, रीत, गल्लीतली तोंडं, यातलं काहीच इनोबतच्या मनात नव्हतं. एवढंच होतं, की एरगशसाठी तिच्या हातून नीट झालेली ही एकच गोष्ट होती आणि ती पुरी व्हायला अकरा दिवस उरले होते. त्याच्या मरणाच्या दिवशी बारा माणसांना डोंगर दाखवून आली. रडली नाही. निदान हा झगा तिने न चुकता घातला होता, धुतला होता, वाळत घातला होता. तिने हात खाली घेतला.

"आमच्यात दुखवट्याला पांढरं घालतात," रीता अतलसची घडी करत म्हणाली. "तुमच्यात दुखवटा सुटला की पांढरं. माझी आजी आणि तुझी सासू एका रस्त्यावर समोरासमोर आल्या असत्या तर एकीने सांत्वन केलं असतं, दुसरीने सुटलीस म्हटलं असतं." मग ती गंभीर झाली. "अगं पण लिफ्ट?"

"अकरा दिवस सामानघर सांभाळीन म्हणावं. मग परत येईन."

कामिल अका तयार झाले. फक्त जिला लिफ्टवर घ्यायचं होतं तिला वाक्यं शिकवायची, एवढी अट घातली. दिल्फूझा नावाची तिशीची बाई होती, दोन मुलांची आई, खणखणीत आवाजाची. पूर्वी लग्नांत पाहुण्यांची नावं माइकवर पुकारायची. इनोबतने तिला वाक्यं कागदावर लिहून दिली. कागदावर ती सगळी नऊ ओळींची निघाली. एकोणीस वर्षांत तिने ती लिहून कधी पाहिली नव्हती.

"आवंढा गिळा, हे कशाला?" दिल्फूझाने विचारलं. "मी म्हणेन, जांभई द्या. लोक हसतील."

"म्हण."

"आणि उजवीकडे डोंगर की डावीकडे? मी आत तोंड करून उभी राहणार ना, मग माझं उजवं की त्यांचं?"

"त्यांचं," इनोबत म्हणाली. "आपलं काही नसतं."

सणाच्या दिवशी टॉवरखाली ही गर्दी. आवारात ढोल, कर्णे, पुलावाचा वास थेट तळघरापर्यंत. गल्लीतून इनोबतच्या घरी सुमलकची वाटी आली होती, गव्हाच्या अंकुरांची ती तपकिरी खीर दुखवट्याच्या घरात ढवळत नाहीत, शेजारच्यांनी आणून द्यायची असते. इनोबतने त्यातली थोडी डब्यात घालून रीतासाठी आणली होती. सामानघरात ती पाहुण्यांच्या पिशव्या घ्यायची, पितळी बिल्ला द्यायची, बिल्ला आला की पिशवी परत करायची. तिथे वाक्यं नव्हती. पिशवी देताना लोक तिच्या झग्याकडे, रुमालाकडे पाहायचे, आणि जे इथले होते ते छातीवर हात ठेवून हळूच म्हणायचे, "अल्ला त्यांना जागा देवो. कोण गेलं?"

ती सांगायची, नवरा. पन्नास वेळा, साठ वेळा. लिफ्टमध्ये राखाडी कोटामुळे हे कुणाला दिसत नसे. इथे तिने एका दिवसात एरगश गेल्याचं इतक्यांदा सांगितलं, जितक्यांदा वर्षात सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज तोच निघायचा, डोंगर उजव्या हाताला सांगण्याचा.

एका परदेशी जोडप्याने मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारलं, एका दिवसात शहरात काय बघावं. इनोबतने तोंड उघडलं आणि यादी आठवेना. बाजार, मेट्रो, पुलाव, कारंजी, सगळं माहीत होतं, पण कशानंतर काय ते सापडेना. दार लावल्याशिवाय, खाली जात असल्याशिवाय ते येत नव्हतं. "वर जा," ती एवढंच म्हणाली. "वरून सगळं दिसतं."

लिफ्टच्या पोकळीतून दिल्फूझाचा आवाज येत होता. जांभई द्या, असं ती म्हणाली आणि लिफ्टभर माणसं हसली. डोंगर तिने डाव्या हाताला सांगितले.

घरी मस्तूरा ओयी रोज विचारत, "आज कुठे बसवलं?"

"सामानघरात."

"बसायला खुर्ची आहे ना?"

"आहे."

"मग बरं. लिफ्टमध्ये तू उभी असायचीस." तेवढंच बोलणं व्हायचं. एकदा मात्र चहा ओतताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तिथे बसून काय करतेस दिवसभर?"

"लोक विचारतात कोण गेलं. मी सांगते."

म्हातारीने चहा ओतला. पियाला अर्धाच भरून तिच्या हातात दिला, मानाच्या माणसाला देतात तसा. आणि बराच वेळ हात मागे घेतला नाही.

तीस मार्चला संध्याकाळी कामिल अकांनी तिला बोलावलं. टोपी पुढे, टोपी मागे.

"इनोबत, परवापासून तुम्ही मोकळ्या, हो ना? अल्लाने सोपं केलं."

"हो. परवा मी पांढऱ्यात येईन, मग अतलस घालीन."

"घाला ना, घाला. सामानघरातही अतलस छान दिसेल." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "असं आहे, की सहलवाल्यांना दिल्फूझाचा आवाज आवडला. तिचे व्हिडिओ टाकलेत कुणी कुणी. ते जांभईचं. दोन कंपन्यांनी मुद्दाम सांगितलंय, तिचीच लिफ्ट द्या. हंगाम आहे तोवर राहू दे तिला. शरदात बघू."

"शरदात."

"तुम्ही तरी कुठवर उभ्या राहणार? गुडघे आहेत, पाठ आहे. खुर्चीचं काम वाईट नाही."

"नाही, वाईट नाही," इनोबत म्हणाली आणि मेट्रोकडे चालू लागली. तिला वाटलं होतं, वाटेत कुठेतरी वाईट वाटेल. स्टेशन बदललं, गाडी बदलली, चोरसूला उतरली, कांदे घेतले. काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण झाडून, पाणी शिंपडून चटया टाकल्या. वीसेक बायका आल्या. कार्शीहून मुलगी आली, मुलाने फोनवरून तोंड दाखवलं आणि त्याच्या पाळीची वेळ झाली म्हणून गेला. ओतिन-ओयीने दुआ वाचली, सुरात, पुढे मागे डोलत. पुलावाची कढई झुमरादच्या ताब्यात होती आणि ती मधूनमधून दारात येऊन बायका मोजून जात होती.

मग मस्तूरा ओयी उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, एका दमात. कुणाचा हात घेतला नाही. इनोबतला मधोमध बसवलं होतं, तिच्यापुढे कापडात गुंडाळलेला पांढरा झगा, बारीक फुलांचा. म्हातारीने आधी डोक्याचा रुमाल सोडला. मग मानेवरची गुंडी. तिच्या बोटांना ती सुटेना. कुणीतरी म्हणालं, कात्री द्या. म्हातारी म्हणाली, नको. आणि वाकून तिने गुंडीचा काळा दोरा दातांनी तोडला. तिचा श्वास इनोबतच्या मानेला लागला. निळा झगा आतल्या कमिजावरून डोक्याच्या वर निघाला, पांढरा अंगात आला, बाह्या ओढून सारख्या केल्या गेल्या.

इनोबतला वाटलं, झालं. आता उद्या सकाळी मी मेट्रोने जाईन, आणि दार लावीन. मग तिला आठवलं, की दार लावणार नाही. दार दिल्फूझा लावणार. आपल्यासमोर काउंटर, पितळी बिल्ले, पिशव्या. कुणी विचारणारही नाही आता, कोण गेलं म्हणून, कारण निळं सुटलं. आठ तास तिला तिथे असावं लागणार. रोज. स्वतः.

तिच्या घशातून काहीतरी आवाज आला, तिला वाटलं खोकला आहे. मग पुन्हा आला आणि थांबला नाही. ती पुढे वाकली, कपाळ चटईला लागलं. अंगणातल्या बायकांमध्ये एकदम लाट आली.

"आलं. शेवटी आलं."

"वर्षभर दाबून ठेवलं बिचारीने."

"निळं निघालं आणि पाणी निघालं. नवऱ्याशिवाय कुणासाठी असं रडत नाही बाई."

चिमटा काढणारी म्हातारी डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती, की दगड फुटला, मी म्हटलंच होतं. मुलगी आईच्या पाठीला मिठी मारून रडायला लागली. इनोबतला त्यांना थांबवून सांगावंसं वाटलं, की असं नाही, तुम्ही चुकताय. पण आवाज तिच्या हातात नव्हता. आणि मधेच तिला बारा माणसं आठवली, खांद्यावर मूल घेतलेला तो कझाक माणूस, आणि मग तिलाही कळेना कुणासाठी काय चाललंय.

मस्तूरा ओयी तिच्याजवळ खाली बसल्या. तिचं डोकं उचलून आपल्या खांद्यावर घेतलं, ओठ तिच्या कानाशी नेले.

"लिफ्ट गेली ना?"

इनोबतने त्या खांद्यातच मान हलवली.

म्हातारीचा खांदा हाडाचा होता, टोचत होता. मग ती तितक्याच हळू म्हणाली, "माझ्या अकरा दिवसांनी नेली."

नाही म्हणायला हवं होतं, पण तेवढं खोटं इनोबतला त्या वेळी जमलं नाही.

"रड," मस्तूरा ओयी कानात म्हणाल्या. "त्यांना वाटू दे." आणि मान वर करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी गळा काढला, "वोय, बोलम, माझ्या लेकरा, एरगश रे," की सुनेचा आवाज त्यात बुडून गेला आणि कुणालाही वेगळा काढता आला नाही. एकेक बाई त्यांच्याभोवती येऊन बसली, गळ्यात हात पडत गेले. दारात झुमराद झारा हातात घेऊन उभी होती. ती आत वळून कुणाला तरी म्हणाली, कढईखालची आच कमी करा, यांना अजून वेळ लागेल.